आधी सांग, मग लिही

बाई, तुझी सहामाहीची मराठीची उत्तरपत्रिका तुझ्या बाबानं मला आणून दाखवली. रिकाम्या जागा, जोड्या, आकृत्या, व्याकरण, सगळं चोख आहे. गुण गेले ते जिथं चार वाक्यं स्वतःची लिहायची होती तिथं. स्वमत, रसग्रहण, पत्र आणि शेवटचा तो आठ गुणांचा प्रश्न. तुझ्या दादाचीही तीच गत. तो अमरावतीला खोली करून एमपीएससीचा अभ्यास करून रायला. माहिती पुष्कळ जमवली, पण दीडशे शब्दांत मांड म्हटलं की पेन अडतं. तुम्हा दोघांसाठी हे लिहितो. शाळेत मराठी शिकवताना आणि बोर्डाचे गठ्ठे तपासताना जे कळलं ते यात आहे, आणि माझ्या मास्तरांनी माझ्या कानात घातलं तेही आहे.

एक आधीच सांगून ठेवतो. आपल्याकडच्या पोरांना वाटतं, वऱ्हाडी बोली आडवी येते म्हणून आपल्याला लिहिता येत नाही. तपासताना मला असं दिसलं नाही. बोलीमुळं जातो तो अर्धा-एक गुण. बाकीचे जातात गाईडातल्या उसन्या वाक्यांमुळं. शेंडगावचे गाडगेबाबा आपल्याच अमरावती जिल्ह्यातले, 1876 सालचा जन्म. ते कीर्तनात आपल्या बोलीतच बोलले आणि अख्ख्या महाराष्ट्राला समजले. पापळचे पंजाबराव देशमुख याच मातीत बोलायला शिकले आणि पुढं विलायतेत वेदवाङ्मयातल्या धर्माच्या उगमावर आणि विकासावर प्रबंध लिहून डॉक्टर झाले. बोलीनं त्यांचं काही अडलं नाही. तुझंही अडत नाही. तू बोलताना जी असतेस ती लिहिताना राहत नाहीस, एवढंच.

घरच्या बोलीत सांगून पाहा

लिहायला बसलीस की आधी पेन खाली ठेव. प्रश्न वाच आणि आईला किंवा मैत्रिणीला त्याचं उत्तर तोंडी सांग. वऱ्हाडीतच सांग, लाजू नको. सांगताना माणूस आपोआप मुद्द्याचं बोलतो, कारण समोरचा कंटाळला की तोंड फिरवतो. कागद तोंड फिरवत नाही, म्हणून त्याच्यावर काहीही ओतलं जातं.

गेल्या वेळी तुला ‘शेतकऱ्याचे मनोगत’ असा विषय होता. तू लिहिलंस, ‘शेतकरी हा जगाचा पोशिंदा आहे. निसर्गाच्या लहरीपणामुळे तो संकटांच्या गर्तेत सापडला आहे.’ हेच वाक्य त्या वर्गातल्या निम्म्या पोरांनी लिहिलं असेल. पण त्याच दिवशी सोप्यावर बसून तू मला काय सांगत होतीस? ‘आबाजी, यंदा सोयाबीनच्या शेंगाच नाई भरल्या. आधी पावसानं दडी मारली, अन् मंग आला तं थांबतच नव्हता. बाबा म्हने, खताचे पैसे तरी निघतीन का नाई.’ याला हात लावून फक्त प्रमाण मराठीत आण: ‘यंदा सोयाबीनच्या शेंगा भरल्याच नाहीत. आधी पावसाने दडी मारली आणि मग आला तो थांबेना. खताचे तरी पैसे निघतील का, एवढीच आता चिंता आहे.’ मनोगत याला म्हणतात. तुझ्याजवळ होतं, कागदावर आलं नाही.

बोलीतून प्रमाणात येताना बदलायच्या गोष्टी मोजक्याच आहेत, त्या पाठ करून टाक. ‘मले, तुले, त्याले’चं ‘मला, तुला, त्याला’ होतं. ‘तो जाते’चं ‘तो जातो’. ‘करून रायला’चं ‘करत आहे’. ‘काहून’चं ‘का’. ‘डोये, काया’चं ‘डोळे, काळा’. ‘पानी, कोन’चं ‘पाणी, कोण’. या शेवटच्या जोडीत मात्र एक खड्डा आहे. न चा ण करायचा म्हणून पोरं इतकी घाबरतात की ‘मैदान’चं ‘मैदाण’ अन् ‘मन’चं ‘मण’ करून ठेवतात. ज्या शब्दाची शंका असेल तो पाठ्यपुस्तकात शोध, अंदाजानं ण ठोकू नको.

प्रश्नातलं शेवटचं क्रियापद वाच

पोरं प्रश्नातला विषय वाचतात आणि सुटतात. ‘वृक्ष’ दिसला की झाडांवर माहीत असलेलं सगळं. परीक्षक मात्र प्रश्नाच्या शेवटच्या शब्दाला गुण देतो. ‘सांगा’ किंवा ‘लिहा’ म्हटलं असेल तर माहिती पुरे. ‘स्पष्ट करा’ म्हटलं की कारण आलंच पाहिजे आणि एक उदाहरणही. ‘तुलना करा’ म्हटलं की प्रत्येक वाक्यात दोन्ही बाजू दिसल्या पाहिजेत. अर्ध पान याच्यावर अन् अर्ध पान त्याच्यावर लिहिलं तर ती तुलना झाली नाही, दोन टिपा झाल्या. ‘टीप लिहा’मध्ये स्वतःचं मत घुसडायचं नसतं. ‘तुमचे मत लिहा’मध्ये पाठाचा सारांश द्यायचा नसतो.

स्वमताच्या प्रश्नात सगळ्यात जास्त घसरतात ते इथंच. पाठात लेखक काय म्हणतो ते पाच ओळी लिहितात आणि शेवटी ‘असे मला वाटते’ जोडतात. उलट कर. तुला काय वाटतं ते पहिल्या वाक्यात, का वाटतं ते दुसऱ्या-तिसऱ्यात, आणि पाठातला आधार त्यानंतर. पाठ साक्षीला बोलवायचा, त्याला खुर्चीवर बसवायचं नाही.

दादासाठीही हेच. त्याच्या प्रश्नांत ‘चर्चा करा’, ‘चिकित्सक परीक्षण करा’, ‘मूल्यमापन करा’ असे शब्द येतात. ‘चर्चा’त दोन्हीकडचे मुद्दे हवेत, ‘चिकित्सक परीक्षणा’त त्या मुद्द्यांची ताकद आणि कमजोरी हवी, ‘मूल्यमापना’त शेवटी निवाडा हवा. निवाडा टाळून ‘दोन्ही बाजूंचा विचार व्हावा’ असं म्हणून निसटू नये.

गुण पाहून वेळ वाट

दहावीची मराठीची कृतिपत्रिका 80 गुणांची, 20 गुण अंतर्गत. त्या 80 चे भाग असे: गद्य 18, पद्य 16, स्थूलवाचन 6, भाषाभ्यास 16 आणि उपयोजित लेखन 24. म्हणजे सगळ्यात मोठा वाटा शेवटच्या विभागाचा, आणि पोरं तिथं पोचतात तेव्हा दीड वाजलेला असतो. हात दुखतो, पुरवणी मागायचा कंटाळा येतो आणि आठ गुणांचा निबंध सहा ओळींत संपतो.

साधा हिशेब कर. तीन तास म्हणजे 180 मिनिटं, भागिले 80. एका गुणाला सव्वादोन मिनिटं. उपयोजित लेखनाला 54 मिनिटं राखायलाच लागतात. अकराला पेपर सुरू झाला तर दोनला सहा मिनिटं कमी असताना संपवायचा असं धरलं तरी एक वाजता तू पाचव्या विभागात असायला पाहिजे. 2023 पासून बोर्डानं पेपर दहा मिनिटं आधी देणं बंद केलं आणि ती दहा मिनिटं शेवटी जोडली. ती लिहायला धरायची नाहीत. त्यांचं काम शेवटी सांगतो.

लेखनाचे गुण किती मोठे असतात हे राज्यानं एकदा पाहिलेलं आहे. 2019 च्या परीक्षेत भाषेचे अंतर्गत गुण काढून पूर्ण 100 गुणांचा लेखी पेपर ठेवला होता. 2018 ला राज्याचा निकाल 89.41 टक्के होता, 2019 ला तो 77.10 वर आला. अभ्यासक्रमही नवा होता, त्यामुळं सगळा दोष एकाच गोष्टीला देता येत नाही. पण अंतर्गत गुणांचा आधार निघाला तेव्हा लेखी उत्तरांचा कच्चेपणा उघडा पडला, हे आम्हा मास्तर लोकांना तेव्हा चांगलंच कळलं. पुढच्या वर्षी अंतर्गत गुण परत आले. कच्चेपणा काही आपोआप गेला नाही.

पहिलं वाक्य उत्तराचं

‘आजचे युग हे विज्ञानाचे युग आहे’ हे वाक्य कोणत्याही विषयाच्या आधी बसतं, म्हणून ते कोणत्याच विषयाचं नाही. मोबाईल, प्रदूषण, वाचन, मैत्री, कुठंही लावा. तपासणाऱ्याच्या हाताखाली शेकडो उत्तरपत्रिका असतात. हे वाक्य दिसलं की त्याचं मन पुढचं वाचायच्या आधीच सरासरी गुणांकडे जातं.

समज विषय आहे ‘गावात वाचनालय का हवे’. सुरुवात अशी कर: ‘स्पर्धा परीक्षेची सगळी पुस्तके विकत घेणे आमच्या चांदूरमधल्या बऱ्याच घरांना परवडत नाही, म्हणून गावात वाचनालय हवे.’ उत्तर आलं, कारण आलं, गावही आलं. आता पुढचं वाक्य कुठून आणायचं? त्यासाठी आपल्या वऱ्हाडी माणसाचा एक प्रश्न पुरेसा आहे: काहून? परवडत नाही, काहून? कारण एका परीक्षेला दहा विषयांची पुस्तकं लागतात. वाचनालयच काहून, मोबाईलवर नाही का मिळत? मिळतं, पण घरात एक फोन आणि अभ्यासाला तीन पोरं. प्रत्येक ‘काहून’चं उत्तर म्हणजे पुढचं वाक्य. जिथं ‘काहून’ विचारलं आणि उत्तर सुचलं नाही, तिथं आधीचं वाक्य पोकळ आहे असं समज आणि काढून टाक.

गाडगेबाबांच्या कीर्तनाची रीतही प्रश्नांचीच होती. ते समोरच्या माणसांना साधे साधे प्रश्न विचारत, लोक उत्तर देत, आणि त्या उत्तराच्या हाताला धरून बाबा पुढचा प्रश्न टाकत. लोकांना वाटे, हे आपणच बोलून रायलो. चांगल्या परिच्छेदात वाचणाऱ्याला तसंच वाटलं पाहिजे.

उदाहरण आपल्या तालुक्यातलं

एक दोनशे पानी वही कर आणि तिच्यात फक्त पाहिलेलं लिही. सुविचार नको, कात्रणं नको. सावंगा विठोबाची गुढीपाडव्याची यात्रा पाहिलीस तर एवढंच टिप: कापराचे ढीग, धूर, उंच झेंडे, बाहेरगावच्या गाड्या कुठपर्यंत उभ्या होत्या, दुकानदार काय म्हणत होता, एका म्हातारीनं काय मागितलं. बाजार समितीत बाबासोबत गेलीस तर हर्रासी कशी चालते, भाव ओलाव्यावर कसा उतरतो, हमाल पोतं कसं उचलतो ते टिप. मालखेडच्या तलावावर गेलीस तर कोणते पक्षी दिसले आणि पाणी कुठवर उतरलं ते.

ही वही तीन ठिकाणी कामाला येते. बातमी लिहायची असेल तर यात्रेचं पान उघड: काय झालं, कुठं, केव्हा, कोण होतं, पुढं काय होणार. हे पहिल्या दोन वाक्यांत गेलं की बातमी उभी राहते, आणि तिला दिनांक व स्थळ द्यायचं विसरू नये. प्रसंगलेखन आलं तर त्याच पानातली म्हातारी घे. वैचारिक लेखन आलं तर बाजार समितीतला ओलावा आणि भाव घे. पुढं बारावीला अहवाललेखन येतं, तेव्हाही हीच सामग्री लागते.

आणि एक टाळ. उत्तराच्या शेवटी ग्रामगीतेची ओवी लिहायची आपल्या भागात फार हौस आहे. तुकडोजी महाराज यावलीचे, मोझरी शेजारच्याच तालुक्यात, म्हणून जवळीक वाटते, ते बरोबर. पण निम्मी ओवी आठवणीतून चुकीची लिहून तिचा विषयाशी संबंध न जोडणं हा महाराजांचाही मान नाही. शब्दन् शब्द पाठ असेल आणि मुद्द्याला लागत असेल तरच लिही. नसेल तर स्वतःचं एक साधं वाक्य जास्त शोभतं.

कविता, पत्र आणि कथा

रसग्रहण चार गुणांचं. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये असे तीन भाग तुम्हाला शिकवतात. भाग ठीक आहेत, पण पोरं प्रत्येक भागात ‘अत्यंत सुंदर’, ‘अप्रतिम’, ‘हृदयस्पर्शी’ अशी विशेषणं भरतात. विशेषणाला गुण नसतात. त्याऐवजी ओळीतल्या एका शब्दावर बोट ठेव: कवीनं दुसरा सोपा शब्द सोडून हाच का घेतला? त्यानं डोळ्यांपुढं काय आलं, कानाला काय लागलं? एवढं दोन वाक्यांत सांगितलंस की काव्यसौंदर्य झालं. अलंकार ओळखता आला तर नाव लिही, आणि तो तिथं काय काम करतो तेही लिही. नुसतं नाव लिहून सोडू नको.

पत्रात पहिले गुण मांडणीला. दिनांक, प्रति, विषय, मायना, मजकूर, आणि खाली पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता. प्रश्नात दिलेलंच नाव वापरायचं, स्वतःचं नाही. विषयाची ओळ एका दमात वाचता आली पाहिजे: ‘शालेय वाचनालयासाठी पुस्तकांच्या मागणीबाबत.’ मजकुरात पुस्तकांची संख्या, कधीपर्यंत हवीत, पैसे कसे देणार हे आलं की पत्र खरं वाटतं. ‘आपण आमची ही नम्र विनंती मान्य कराल अशी आशा बाळगतो’ या एका ओळीपेक्षा तारखेची एक ओळ जास्त कामाची.

सारांश म्हणजे मूळ उताऱ्याचा एक तृतीयांश, स्वतःच्या शब्दांत. उतारा दोनदा वाच, मग तो हातानं झाक आणि काय कळलं ते लिही. उघडा ठेवून लिहिलंस तर त्याचीच वाक्यं तोडून जोडशील.

कथेत मात्र आपली बोली बिनधास्त बाहेर काढ. निवेदन प्रमाण मराठीत, पण पात्रं बोलतील ती आपल्या तोंडानं. उद्धव शेळके यांनी 1960 सालच्या ‘धग’मध्ये वऱ्हाडी बोली अशी आणली की मराठी वाचकांनी ती कादंबरी डोक्यावर घेतली. शेतात राबणारी बाई पुस्तकी मराठीत बोलली असती तर कुणी विश्वास ठेवला असता? तुझ्या कथेतला बैलगाडीवाला ‘मी अत्यंत व्यथित झालो आहे’ असं म्हणाला तर परीक्षक हसेल. अवतरणचिन्हं तेवढी नीट घाल, म्हणजे बोली जाणूनबुजून वापरली आहे हे त्याला कळेल.

शुद्धलेखन: सगळे नियम नकोत, आपल्या चुका हव्यात

साहित्य महामंडळाचे 14 नियम 1962 चे, त्यात 1972 ला चार वाढले, असे 18. ते सगळे एका बैठकीत पाठ करायला गेलीस तर एकही लक्षात राहणार नाही. माझ्या मास्तरांची रीत सांगतो. तपासून आलेल्या वहीतले लाल खुणांचे शब्द एका कागदावर उतरवायचे. दोन-चार वह्या झाल्या की दिसतं, आपल्या चुका पाच-सहा जातींच्याच आहेत. त्या जातींचे नियम शिकायचे, बाकीचे नंतर.

बहुतेकांच्या चुका या असतात. मराठी शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार दीर्घ: वही, पाटी, गहू, लाडू, की. अपवाद ‘आणि’ व ‘नि’. शब्द अकारान्त असेल तर शेवटून दुसरं अक्षर दीर्घ: गरीब, वकील, फूल, मूल. त्याला प्रत्यय लागून रूप बदललं की ते ऱ्हस्व: गरिबाला, वकिलाने, फुलाचा, मुलाला. आपल्या गावाचंच घे: चांदूर, पण चांदुरात. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र बदलत नाहीत: शरीर, शरीराला. ‘शरिराला’ लिहिलं की चूक.

दुसरी चूक विरामचिन्हांची. श्वास संपेपर्यंत ‘आणि’ लावत जायचं आणि पानाच्या तळाशी एक पूर्णविराम द्यायचा, ही सवय मोड. एका वाक्यात एक गोष्ट सांग. दोन ‘आणि’ दिसले की तिथं वाक्य तोडता येतं का ते पाहा. छोट्या वाक्यात चूकही कमी होते आणि झाली तर लवकर सापडते.

आता दादासाठी: कुणी सांगितलं ते लिही

राजा, तुझ्या परीक्षेचं रूप बदललं आहे. 2025 पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. नऊ पेपर. मराठी आणि इंग्रजी 300-300 गुणांचे, त्यात 25 टक्के मिळवून पात्र व्हायचं. उरलेले सात 250 गुणांचे, एकूण 1750, आणि त्यातला एक पूर्ण पेपर निबंधाचा. गोल काळे करायचे दिवस पूर्वपरीक्षेपुरते राहिले. पुढचं सगळं मांडणीवर आहे.

तू उत्तराची सुरुवात व्याख्येनं करतोस, ती लांबते, आणि तिसऱ्या परिच्छेदात मुद्दा येतो तोवर शब्द संपतात. आधी बाजूला कच्च्या कामाच्या जागी चार शब्दांत सांगाडा काढ: दावा, दोन कारणं, एक आडवा मुद्दा, शेवट. मग लिही. आकडा द्यायचा असेल तर वर्ष आणि कुठला अहवाल तेही दे. ‘बऱ्याच टक्के लोक’ असं म्हणण्यापेक्षा आकडा नसलेला बरा.

एम.ए.चा प्रकल्प किंवा पुढं पीएच.डी.चा प्रबंध लिहिशील तेव्हा रिद्धपूरला जाऊन ये. आता तिथं मराठी भाषा विद्यापीठ आहे, पण मी सांगतो ते तेराव्या शतकातलं. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनी जमवल्या आणि तिथंच लीळाचरित्र लिहिलं. ज्यांनी स्वामींना पाहिलं, ऐकलं, त्यांच्याकडे ते स्वतः गेले आणि विचारून लिहून घेतलं. त्याची पडताळणी नागदेवाचार्यांकडून करून घेतली. दोघांच्या सांगण्यात फरक पडला तर तो फरकही नोंदला गेला, काही ठिकाणी सांगणाऱ्याच्या नावासकट. लीळाचरित्राची वाक्यं पाहा, किती छोटी आहेत. मराठी गद्याच्या या पहिल्या मोठ्या ग्रंथात संशोधनाची सगळी शिस्त आहे: मूळ माणसाकडे जा, कुणी सांगितलं ते लिही, मतभेद लपवू नको, वाक्य साधं ठेव.

आज पोरं मोबाईलवरून परिच्छेद उचलतात, किंवा यंत्राला सांगून लिहून घेतात आणि वर आपलं नाव टाकतात. विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2018 चे नियम बघून ठेव. प्रबंधातलं साम्य 10 टक्क्यांपर्यंत असेल तर कारवाई नाही. 10 ते 40 असेल तर ठरलेल्या मुदतीत सुधारून परत द्यायचं. 40 ते 60 असेल तर एक वर्ष थांबायचं. 60 च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. पण शिक्षेच्या भीतीनं प्रामाणिक राहावं असं मी म्हणत नाही. उचललेल्या परिच्छेदावर तोंडी परीक्षेत एक ‘काहून’ आला की तोंडातून शब्द निघत नाही, कारण ते आपण कधी कुणाला सांगितलेलंच नसतं. वाचलेलं पुस्तक मिटव, मित्राला समजावून सांग, मग लिही आणि खाली लेखक, ग्रंथ, वर्ष, पान टाक. जसंच्या तसं वाक्य हवं असेल तर अवतरणात घाल. एवढं केलं की साम्य मोजणाऱ्या यंत्राची भीती राहत नाही.

रोजचा सराव

दोघांनाही सारखाच. रोज एक परिच्छेद, घड्याळ लावून. पहिल्या दिवशी लिहायचा आणि वही मिटायची. दुसऱ्या दिवशी तो मोठ्यानं वाचायचा, मनात नाही. जिथं जीभ अडखळते तिथं वाक्य वाकडं आहे. ते सरळ कर. मग त्यातले फुकटचे शब्द उपट, जसं सोयाबीनमधलं तण निंदताना पीक सोडून बाकीचं उपटतो तसं: ‘अत्यंत’, ‘खरोखरच’, ‘या ठिकाणी’, ‘असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही’. तिसऱ्या दिवशी तोच मजकूर निम्म्या शब्दांत लिही. तीन दिवसांत एकाच परिच्छेदानं जे शिकवलं ते तीस निबंध वाचून येत नाही.

वाचन करायचं तर वर्तमानपत्रातला अग्रलेख पूर्ण वाचण्यापेक्षा त्यातला एक परिच्छेद घेऊन पाहा: पहिल्या वाक्यात काय म्हटलं, दुसऱ्यानं त्याला काय जोडलं, ‘मात्र’, ‘म्हणून’, ‘उलट’ हे शब्द कुठं आले. हे जोडशब्द नीट पडले की वाचणारा वाट चुकत नाही.

पेपरच्या दिवशी

निळं किंवा काळं एकच पेन, दुसरं सोबत. प्रश्न क्रमांक समासात ठळक. प्रत्येक विभाग नव्या पानावर. चुकलं तर एक सरळ रेघ मारून पुढं जा, गिरगटून काळं करू नको. परीक्षकाला चिठ्ठी लिहू नको. ‘सर, पास करा’ असं वाचून कुणाचे गुण वाढलेले मी पाहिले नाहीत, उलट ते गैरप्रकारात जातं.

शेवटची दहा मिनिटं ठेवलीस ना, त्यांचं काम असं. आधी क्रमांक जुळव, एखादा उपप्रश्न राहिला का पाहा. मग आठ गुणांचं उत्तर ओठ हलवत वाच. मग फक्त तुझ्या पाच-सहा जातींच्या चुका शोध, बाकी काही नको. नवं काही सुचलं तरी लिहू नको. घाईत घुसडलेली ओळ चांगल्या उत्तराला डाग लावते.

येत्या रविवारी ‘माझ्या गावातील आठवडी बाजार’ या विषयावर एक परिच्छेद घेऊन ये. आधी आईला तोंडी सांगून ये, ती कुठं हसली आणि कुठं ‘म्हणजे काय?’ म्हणाली ते समासात लिहून आण. दादानंही एक उत्तर आणावं, दीडशे शब्दांचं, सांगाड्यासकट. आणि मार्चमध्ये पेपर झाला की घरी आल्यावर किती गुण पडतील याचा अंदाज मला सांगू नको. निबंधाचं पहिलं वाक्य काय लिहिलं तेवढं सांग, अंदाज मी करीन.